मथळ्यातील ‘साय-फाय’बद्दल थोडेसे

माननीय संपादक यांस,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या सोमवारच्या अंकात तिसऱ्या पानावर ‘साताऱ्यात साय-फाय वेड्यांचा मेळा’ या मथळ्याखाली विज्ञानकथांवरील आमच्या बैठकीची बातमी छायाचित्रासह प्रसिद्ध झाली, त्याबद्दल प्रथम आपले मनापासून आभार. बातमी आपुलकीने लिहिलेली होती आणि उपस्थितांचा आकडाही अचूक होता. आम्ही अकरा जण होतो. अकरा जणांना मेळा म्हणावे का, हा प्रश्न मी बाजूला ठेवतो, कारण आमच्यापैकी कोणालाही आपण कधी मेळा होऊ अशी आशा नव्हती. मात्र मथळ्यातील ‘साय-फाय’ आणि ‘वेडे’ या दोन शब्दांवरून आमच्यात जो वाद पेटला, तो रविवारच्या बैठकीतील मूळ विषयापेक्षाही अधिक रंगला, आणि त्यातील काही भाग आपल्या वाचकांपुढे ठेवावा असे वाटल्यावरून हे पत्र लिहीत आहे. पत्र लांबले आहे. सदतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाला तास संपल्याची घंटा ऐकू येत नाही, हे समजून घ्यावे.

आधी ‘साय-फाय’. हा शब्द आपल्या वार्ताहरांनी सहज, आणि सोयीचा म्हणून, वापरला असणार यात शंका नाही. पण ज्या देशात तो जन्मला तेथेच या वाङ्मयाच्या जुन्या वाचकांना तो कधी रुचला नाही, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. ‘सायन्स फिक्शन’ हा जोडशब्द १८५१ साली विल्यम विल्सन या ब्रिटिश लेखकाने वापरलेला आढळतो, परंतु तेव्हा तो रुजला नाही. पुढे एप्रिल १९२६ मध्ये ह्यूगो गर्न्सबॅक यांनी न्यूयॉर्कमधून केवळ अशाच कथांना वाहिलेले ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक काढले, त्या वेळी त्यांनी ‘सायंटिफिक्शन’ हा स्वतः घडवलेला शब्द वापरला. उच्चारताना जीभ अडखळावी असा तो शब्द होता. १९२९ मध्ये ते मासिक हातचे गेल्यावर त्यांनी नवे मासिक काढले आणि तेथून ‘सायन्स फिक्शन’ हे नाव प्रचारात आले. त्याचे ‘साय-फाय’ हे लघुरूप रूढ करण्याचे श्रेय सामान्यतः फॉरेस्ट ॲकरमन या अट्टल वाचक-संग्राहकाला देतात. १९५४ च्या सुमारास उत्तम ध्वनियंत्रणेला ‘हाय-फाय’ म्हणत, त्या यमकावर त्यांनी हा शब्द जुळवला. आज घरोघरी आलेला ‘वाय-फाय’ हा शब्दही त्याच ‘हाय-फाय’च्या चालीवर १९९९ मध्ये बेतला गेला, म्हणजे ही दोन्ही एका घराण्याची भावंडे आहेत, आपली बातमी वाचून माझ्या शेजाऱ्यांनी ‘मास्तर, तुमच्याकडे वाय-फायचे शिबिर होते का?’ असे विचारले, यात त्यांची चूक म्हणता येणार नाही.

गंमत अशी की ॲकरमन स्वतः त्या गोतावळ्यातले असूनही हा शब्द गोतावळ्याने स्वीकारला नाही, बाहेरच्यांनी उचलला. वृत्तपत्रे आणि चित्रपटांच्या जाहिराती तो राक्षस, किंचाळणाऱ्या नायिका आणि पत्र्याच्या तबकड्या यांच्यासाठी वापरू लागल्या, तेव्हा मनापासून वाचणाऱ्यांनी ‘एस-एफ’ एवढी दोन अक्षरे आपल्यासाठी राखून ठेवली. त्यांच्यातील काही खट्याळ मंडळी ‘साय-फाय’चा उच्चार मुद्दाम ‘स्किफी’ असा करू लागली, आणि टाकाऊ मालाला ‘स्किफी’ म्हणण्याचा प्रघात पडला. तेव्हा आपल्या मथळ्याचा अर्थ त्या परंपरेतील एखाद्या म्हाताऱ्या वाचकाने लावला, तर ‘साताऱ्यात टाकाऊ गोष्टींच्या वेड्यांचा मेळा’ असा काहीसा होईल. असा हेतू आपला नव्हता हे मी जाणतो. पण एखाद्या गटाला बाहेरून मिळालेले नाव आणि त्या गटाने आपल्याला घेतलेले नाव यांत किती अंतर असते, हे आपल्याकडे गावोगावच्या आडनावांवरूनही कळते.

‘वेडे’ या शब्दावर आमच्यातील एका भगिनींचा, ज्या औषधांचे दुकान चालवतात, सक्त आक्षेप आहे. माझा नाही, आणि त्याचे कारण व्युत्पत्तीत आहे. इंग्रजीतील ‘फॅन’ हा शब्द बहुतेक कोशकारांच्या मते ‘फॅनॅटिक’चे लघुरूप असून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत बेसबॉलच्या प्रेक्षकांसाठी तो वापरात आला. ‘फॅनॅटिक’चे मूळ लॅटिनमधील ‘फानुम’ म्हणजे देऊळ या शब्दात आहे, आणि त्यावरून बनलेल्या ‘फानाटिकुस’चा अर्थ देवाच्या प्रभावाने भारलेला, उन्मत्त झालेला असा होतो. आपल्या जिल्ह्यात पौष महिन्यात मांढरदेवीच्या काळूबाईच्या यात्रेला जे कोणी एकदा तरी गेले आहेत, त्यांना या शब्दाचे मराठी भाषांतर करून सांगावे लागणार नाही: अंगात वारे आलेला. अशा अर्थाने कोणी मला वेडा म्हटले तर मी राग मानणार नाही. फक्त वारे कोणत्या देवाचे आहे ते नीट सांगावे, एवढीच अपेक्षा.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. या मंडळींनी स्वतःला घेतलेली नावे पाहिली की त्यांच्या समाजाचा इतिहासच समोर उभा राहतो, आणि त्या इतिहासाचा प्रारंभ, आपल्याला ऐकून आनंद होईल, संपादकांना आलेल्या पत्रांतून झाला आहे. गर्न्सबॅक यांनी आपल्या मासिकात वाचकांची पत्रे छापायला सुरुवात केली आणि पत्राखाली लेखकाचा पूर्ण पत्ताही दिला. त्यामुळे दूरदूरच्या गावांत एकेकटी बसून या कथा वाचणारी मुले संपादकांना सोडून एकमेकांना पत्रे लिहू लागली. मग मंडळे निघाली आणि १९३९ मध्ये न्यूयॉर्क येथे पहिले जागतिक संमेलन भरले. सतत पत्रे पाठवणाऱ्या वाचकाला त्यांच्यात ‘लेटरहॅक’ म्हणत. मी स्वतः आज त्या पदवीस पात्र ठरत आहे. ही मुले घरच्या घरी चक्रमुद्रित करून जी पत्रके काढीत, त्यांना १९४० साली लुई रसेल शॉवने या वाचकाने ‘फॅनझीन’ हे नाव दिले, जे आता कोशांत स्थिरावले आहे. आपल्याकडे साठच्या दशकात निघालेल्या अनियतकालिकांशी त्यांचे नाते जुळावे. आर्थिक स्थितीचे तर नक्कीच जुळते.

नावे घेण्यात त्यांचा हात मोकळा होता. इंग्रजीत ‘मॅन’चे अनेकवचन ‘मेन’ होते म्हणून त्यांनी ‘फॅन’चे ‘फेन’ केले. नवख्याला ‘नीओफॅन’, आणि ज्याला सगळे ओळखतात त्या बड्या प्रस्थाला (‘बिग नेम फॅन’) तीन आद्याक्षरांनी ‘बीएनएफ’. संमेलनांची सूत्रे पडद्याआडून हलवणाऱ्यांना ‘स्मॉफ’, म्हणजे चाहतेजगताचे गुप्त सूत्रधार. हे नाव थट्टेने पडले आणि पुढे खरोखरच सतरंज्या उचलणाऱ्या, हिशेब ठेवणाऱ्या कार्यकर्त्यांना चिकटले. ज्या कोणी साहित्य संमेलनाच्या स्थानिक समितीत काम केले आहे, त्यांना ही प्रजाती परिचयाची वाटेल.

यांतील एक नाव मात्र मला खटकते. १९४० मध्ये ए. ई. व्हॅन व्होग्ट यांची ‘स्लॅन’ नावाची कादंबरी मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यातील ‘स्लॅन’ हे सामान्य माणसांहून बुद्धीने वरचढ, एकमेकांच्या मनातले जाणणारे आणि म्हणूनच लोकांनी छळलेले असे दाखवले आहेत. वाचकांनी तत्काळ ‘फॅन म्हणजेच स्लॅन’ अशी घोषणा केली आणि मिशिगन राज्यातील बॅटल क्रीक या गावी काही जणांनी एकत्र राहण्यासाठी घेतलेल्या घराला ‘स्लॅन शॅक’ असे नाव पडले. वर्गात चिडवल्या जाणाऱ्या, मैदानावर शेवटी निवडल्या जाणाऱ्या मुलाला अशा घोषणेने किती धीर आला असेल, हे शिक्षक म्हणून मला समजते. परंतु ‘लोक आपल्याला हसतात, कारण आपण श्रेष्ठ आहोत’ हा युक्तिवाद फार निसरडा आहे. त्याच वळणाने पुढे बाहेरच्या सर्वांना ‘मंडेन’ हे नाव मिळाले, ज्याला मराठीत ‘प्रापंचिक’ हा अगदी नेमका प्रतिशब्द आहे. वीज बिल भरणारे, मुलीच्या लग्नाची चिंता करणारे ते प्रापंचिक, आणि आपण परमार्थी! पण परमार्थालाही उतरती कळा असते. ‘गाफिया’ हे त्यांचे एक आद्याक्षरी नाव आहे: या सगळ्यापासून दूर निघून जाणे. प्रारंभी त्याचा अर्थ संसाराच्या कटकटीतून सुटून या छंदात येणे असा होता. पुढे माणसे मोठी झाली, नोकरीला लागली, तशी त्याच शब्दाला नेमका उलटा अर्थ आला आणि छंद सोडून संसारात परतणाऱ्याला ‘गाफिया झाला’ असे म्हणू लागले. वाटेत दिशा बदललेला असा शब्द मी दुसरा पाहिलेला नाही.

‘फिआवॉल’ आणि ‘फिजाघ’ ही आणखी दोन आद्याक्षरी नावे, दोन पंथांचीच म्हणा ना. पहिल्याचे म्हणणे असे की ही जगण्याची रीत आहे. दुसऱ्याचे म्हणणे असे की हा नुसता एक छंद आहे, आणि ते सांगताना तो पंथ एक शिवीही हासडतो. आमच्या अकरांत पहिल्या पंथाचे दोन आणि दुसऱ्याचे नऊ आहेत. बैठकीचा चहा मात्र नेहमी पहिल्या पंथाचे दोघेच करतात.

दूरचित्रवाणी आल्यावर नावांचा झगडा वेगळ्या पातळीवर गेला. ‘स्टार ट्रेक’ ही मालिका अमेरिकेत १९६६ ते १९६९ या काळात चालली. आपल्याकडे ती ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर दिसली. तिच्या चाहत्यांना ‘ट्रेकी’ हे नाव आर्थर साहा यांनी १९६७ मध्ये प्रथम दिले असे सांगितले जाते. हा शब्द इंग्रजी कोशांत गेला, पण १९७० च्या सुमारापासून अनेक चाहते तो नाकारून स्वतःला ‘ट्रेकर’ म्हणवू लागले. शेवटच्या एका स्वराने काय बिघडते, असे वाटेल. परंतु इंग्रजीत तो ‘ई’ लाडिक, किंचित हिणवणारा आहे आणि कलावंतांमागे धावणाऱ्या ‘ग्रुपी’ मुलींची आठवण करून देतो. मराठीत सांगायचे तर हा ‘गोंद्या’ आणि ‘गोविंदराव’ यांतील फरक आहे. मालिका पाहणारा गोंद्या, आणि तिच्यावर विचार करणारा गोविंदराव.

साताऱ्यात मात्र या गोविंदरावांची मोठीच पंचाईत आहे. आमच्या बैठकीला येणारी अभियांत्रिकीची एक विद्यार्थिनी पहिल्याच दिवशी ‘मी ट्रेकर आहे’ असे म्हणाली, तेव्हा बँकेतून निवृत्त झालेल्या आमच्या एका सदस्यांनी आनंदाने ‘वासोटा झाला का?’ असा प्रश्न केला. तिने ‘कोणत्या भागात?’ असे विचारले. जवळपास दहा मिनिटे दोघे एकमेकांशी अत्यंत सौजन्याने बोलत होते, एक बामणोली, शिवसागर जलाशय आणि नावेच्या भाड्याबद्दल, दुसरी अंतराळयानाबद्दल, आणि मध्ये पडण्याचे धैर्य आमच्यात कोणालाही झाले नाही, कारण ते संभाषण फारच सुंदर चालले होते. रोज पहाटे अजिंक्यतारा चढणाऱ्यांच्या गावात ‘ट्रेकर’ हा शब्द आधीच वापरात आहे. तो त्यांच्याकडून परत मागता येणार नाही.

स्वतःला घेतलेल्या नावाची सर्वांत मोठी नोंद सरकारी कागदावर झाली आहे. २००१ च्या ब्रिटनमधील जनगणनेत इंग्लंड आणि वेल्स मिळून ३,९०,१२७ लोकांनी धर्माच्या रकान्यात ‘जेडाय’ असे लिहिले. हा १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटापासून माहीत झालेला काल्पनिक योद्ध्यांचा पंथ आहे. तेथील खात्याने त्या उत्तराला सांकेतिक क्रमांक दिला, पण गणना ‘कोणताही धर्म नाही’ या गटातच केली. त्यांतील बहुतेकांनी हे थट्टेने केले असणार, हे उघड आहे. तरीही पावणेचार लाखांहून अधिक माणसांना एकच थट्टा सुचावी, यालाही समाजच म्हणावे लागेल.

आता आपल्याकडे वळतो, कारण माझी खरी बोच येथे आहे. मराठीत वाङ्मयप्रकाराला नावे कमी पडली नाहीत: शास्त्रीय कथा, वैज्ञानिक कथा, विज्ञानकथा, विज्ञानरंजन कथा. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेने कथास्पर्धा घेतल्या, आणि १९७४ च्या स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने आलेल्या कथेला पहिले पारितोषिक मिळाल्यावर कळले की हे जयंत विष्णु नारळीकर आहेत, ज. वि. ना. ही आद्याक्षरे उलटी करून त्यांनी ना. वि. ज. केली होती. जगप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ ही आपली ओळख कथेला चिकटू नये, तिने आपल्या पायावर उभे राहावे, म्हणून त्यांनी ती काढून ठेवली. नावपट्टी लावण्याइतकेच ती उतरवण्यालाही मोल असते, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला माहीत नाही. पुढच्याच वर्षी आपल्या जिल्ह्यात, कऱ्हाड येथे भरलेल्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी त्यांच्या विज्ञानकथांची दखल घेतली, आणि २०२१ मध्ये नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले. लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांच्या कथांसाठी दिवाळी अंकांची वाट पाहणारी एक पिढी महाराष्ट्रात होऊन गेली. मी तीतलाच आहे.

त्या पिढीला मात्र नाव नाही. लेखकांना नाव आहे, प्रकाराला नावे आहेत, स्पर्धा आहेत. वाचकांना काहीच नाही. याचे कारण मला असे वाटते की आपण लेखकाला पत्र लिहिले, संपादकांना लिहिले, पण एकमेकांना लिहिले नाही. मासिकात वाचकाच्या पत्राखाली ‘एक वाचक, सातारा’ एवढेच छापले जात असे. त्या ‘एक वाचक’ला भेटायला दुसरा वाचक कोठे जाणार? ‘चाहता’ हा आपला शब्द एका माणसाला एका लेखकाशी जोडतो; दोन चाहत्यांना एकमेकांशी जोडणारा शब्द आपल्याजवळ नाही. वारकऱ्यांनी स्वतःला ‘विठ्ठलचाहते’ म्हणवून घेतले नाही. त्यांनी बरोबर चालण्याच्या कृतीवरून नाव घेतले, आणि म्हणून ते टिकले.

ग्रंथालयातही तीच अवस्था. माझ्या तरुणपणी एका वाचनालयात कृष्णविवरावरील एक कथासंग्रह मी ‘पदार्थविज्ञान’ या कपाटातून शोधून काढला होता. त्याच्या शेजारी दहावीचे मार्गदर्शक होते. आपल्या जिल्ह्यातील भिलार २०१७ पासून पुस्तकांचे गाव झाले आहे आणि तेथे निरनिराळ्या घरांत निरनिराळ्या साहित्यप्रकारांची पुस्तके मांडलेली असतात. तेथील पाट्या पाहत हिंडताना मला प्रथमच वाटले की पाटी ही वाचकासाठीही असते. तिच्याखाली दोन अनोळखी माणसे योगायोगाने शेजारी बसतात.

गेल्या रविवारी आम्ही नाव शोधायला बसलो. ‘रसिक’ हा शब्द बहुतेकांना आवडला, परंतु रसिक खुर्चीत बसून दाद देतो, आणि आमची मंडळी दाद देण्याऐवजी लेखकाचे गणित तपासतात. ‘दर्दी’ गाण्याकडे गेलेला आहे, ‘शौकीन’ कुस्तीकडे. ‘विज्ञानप्रेमी’ म्हटले की डोळ्यांपुढे शालेय प्रदर्शनाचे प्रमाणपत्र येते. वारकरी, माळकरी, टाळकरी या धर्तीवर कोणी ‘कथेकरी’ सुचवले, पण कथेकरीबुवा हे कीर्तनाच्या परंपरेतील निराळेच गृहस्थ आहेत. मी ‘विज्ञानकथावाचक’ असा समास करून दाखवला, तर त्या विद्यार्थिनीने लक्षात आणून दिले की हल्ली चौकाचौकांतील फलकांवर ‘कथावाचक’ म्हणजे व्यासपीठावरून धार्मिक कथा सांगणारे महाराज असतात, आणि आमच्या बैठकीला उद्या मंडप घालावा लागेल. शेवटी समास सोडवून ‘विज्ञानकथेचे वाचक’ असे दोन साधे शब्द ठेवले. सात मते पडली. दोन मते ‘रसिक’ला गेली, औषधांच्या दुकानवाल्या भगिनींनी कोणतेही नाव नको असे मत दिले, आणि वासोट्याच्या सदस्यांनी ‘ट्रेकर’ला मत दिले, कारण त्यांना तो शब्द आधीपासूनच लागू आहे.

तेव्हा आपणास विनंती अशी की पुढील महिन्याच्या बैठकीची बातमी दिलीत तर आम्हाला ‘विज्ञानकथेचे वाचक’ म्हणावे, आणि आमच्यापैकी ज्यांची हरकत नसेल त्यांची नावे गावासह छापावीत, म्हणजे वाई, फलटण किंवा कोरेगावात कोणी एकटेच वाचत बसले असेल, तर त्याला आमचा माग लागेल. छापताना एखादे अक्षर चुकले तरी घाईने शुद्धिपत्र देऊ नये. पन्नासच्या दशकात ली जेकब्स नावाच्या एका अमेरिकन वाचकाने लोकसंगीतावरील लेख टंकित करताना मथळ्यात ‘फोक’ऐवजी ‘फिल्क’ असे टंकले, आणि त्या मंडळींना ती चूक इतकी आवडली की संमेलनांत रात्री जमून गायल्या जाणाऱ्या त्यांच्या गाण्यांना आजही ‘फिल्क’ आणि गाणाऱ्यांना ‘फिल्कर’ म्हणतात. आपल्या मुद्राराक्षसाने आमच्या बाबतीत असेच काही केले, तर आधी आम्हाला कळवावे. आम्ही बैठकीत पुन्हा मतदान घेऊ.

कळावे, लोभ असावा.

आपला,
विज्ञानकथेचा एक वाचक (निवृत्त विज्ञान शिक्षक),
यादोगोपाळ पेठ, सातारा